दुब्रोव्हनिकला किती दिवस द्यावेत आणि ते कसे घालवावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्याचे एक कुटुंब, म्हणजे पती-पत्नी, बारा वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या आसपासचे आईवडील, सप्टेंबरात क्रोएशियातील दुब्रोव्हनिक या जुन्या बंदराच्या शहरी जाऊ इच्छिते. सहल कंपनीने त्यांच्या कार्यक्रमात या शहराला एक दिवस दिला आहे. तो पुरेल का, आईच्या गुडघ्यांना शहराची तटबंदी झेपेल का, पूर्ण शाकाहारी माणसाचे तेथे कसे होईल आणि मोस्तार व कोतोर ही शेजारच्या देशांतील गावे त्यातच जोडावीत का, असे चार भाग त्यात आहेत. मी गेली सोळा वर्षे दाल्मेशियाच्या, म्हणजे क्रोएशियाच्या या समुद्रपट्टीच्या, किनाऱ्यावर मराठी मंडळींचे गट घेऊन जातो. सोळा वर्षांत या शहराविषयीचे माझे मत दोनदा बदलले आहे, हेही सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

एक दिवस पुरत नाही. मात्र पाहण्यासारखे खूप आहे म्हणून तो पुरत नाही, असे नाही. तटाच्या आतले जुने शहर फार लहान आहे. पश्चिमेच्या पिले दरवाजातून आत शिरून स्ट्रादुन हा मुख्य रस्ता धरला, तर जेमतेम तीनशे मीटर चालून आपण पलीकडच्या टोकाला पोहोचतो. अडचण घड्याळाची आहे. एका दिवसाचे प्रवासी, मग ते बसने येवोत की जहाजाने, साधारण सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात शहरात असतात आणि नेमक्या त्याच वेळेत ऊन, गर्दी आणि दगडातून वर येणारी धग एकत्र होऊन शहर अत्यंत नकोसे होते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये एका दिवशी दहा हजारांहून अधिक लोक तटबंदीवर चढले होते. त्यानंतर नगरपालिकेने जहाज कंपन्यांशी बोलणी करून एका वेळी दोनच मोठी जहाजे आणि चार हजारच प्रवासी, अशी मर्यादा २०१९ मध्ये ठरवून घेतली. फरक पडला, हे मी स्वतः पाहिले आहे. तरीही चार हजार माणसे एकाच दरवाजातून एकाच सकाळी आत आली, की बोळ ते बोळच राहतात.

म्हणून माझा सल्ला असा की, चार रात्री मुक्काम करावा आणि मधल्या तीन दिवसांत तटाच्या आतल्या शहराला फक्त सकाळी दहापर्यंतचा आणि संध्याकाळी सहानंतरचा वेळ द्यावा. मधली दुपार शहराबाहेर, पाण्याजवळ किंवा सावलीत काढावी. पूर्वी मी गटांना "सकाळी शहर, दुपारी शहर, संध्याकाळी मोकळा वेळ" असा कार्यक्रम देत असे आणि संध्याकाळपर्यंत ज्येष्ठ मंडळी इतकी थकलेली असत की, शहराची सर्वांत चांगली वेळ ती हॉटेलच्या खोलीत झोपून काढत. तो माझा दोष होता. पहाटे सहाला स्ट्रादुनवर फक्त झाडूवाले, पाव घेऊन जाणारे आणि मांजरे असतात, आणि शतकानुशतकांच्या पावलांनी आरशासारखा गुळगुळीत झालेला चुनखडीचा दगड दिव्यांच्या उजेडात ओला असल्यासारखा चकाकतो. खरोखरच ओला असेल तेव्हा मात्र सांभाळावे, कारण पावसात या रस्त्यावर माझ्या गटातल्या दोघांनी मनगट मोडून घेतले आहे. सपाट तळाची चामडी पादत्राणे आणू नयेत, रबरी तळव्याचे बूट आणावेत.

सप्टेंबरची निवड योग्य आहे, त्यातही दुसरा पंधरवडा. समुद्राचे पाणी तेव्हाही २३-२४ अंशांच्या आसपास असते आणि शाळा सुरू झाल्यामुळे युरोपीय कुटुंबांची गर्दी ओसरलेली असते. ऑक्टोबर उलटल्यावर खाणावळी आणि बोटी एकेक करून बंद होऊ लागतात. हवामानाच्या अंदाजात तापमानापेक्षा वाऱ्याकडे पाहायला शिकावे. ईशान्येकडून डोंगर उतरून येणारा थंड, कोरडा वारा म्हणजे बुरा, आणि आग्नेयेकडून समुद्रावरून येणारा दमट, ढगाळ वारा म्हणजे यूगो. नावावर जाऊ नये. बुरा सुटला की आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते, तर यूगो वाहू लागला की लाटा उसळतात, पाऊस येतो, बोटी रद्द होतात आणि स्थानिक माणसे आपल्या डोकेदुखीपासून भांडणापर्यंत सर्व दोष त्याच्या माथी मारतात. हे शहर पूर्वी स्वतंत्र प्रजासत्ताक होते तेव्हा यूगो वाहत असताना त्याची सभा महत्त्वाचे निर्णय पुढे ढकलत असे, असे तेथे आवर्जून सांगितले जाते. खरेखोटे काहीही असो, यूगोच्या दिवशी बेटाचा बेत रद्द करून संग्रहालये पाहावीत, हा नियम मी पाळतो.

मुक्कामाची जागा निवडताना सर्वाधिक चुका होतात. तटाच्या आत राहण्याचे आकर्षण मोठे असते, परंतु आत गाडी जात नाही आणि स्ट्रादुनच्या उत्तरेकडचे बोळ म्हणजे शब्दशः जिनेच आहेत. तिसऱ्या बोळातल्या चौथ्या मजल्यावरची ती सुंदर खोली गाठेपर्यंत सामानासह दीडशे पायऱ्या होतात. शिवाय चाकांच्या बॅगा दगडावरून खडखडत ओढू नयेत, अशी विनंती नगरपालिका करते आणि रात्री अकरा वाजता ज्यांच्या खिडकीखालून त्या ओढल्या जातात त्यांच्या दृष्टीने ती रास्त आहे. गुडघ्यांचा त्रास असलेली व्यक्ती बरोबर असताना लापाद हा भाग घ्यावा. तेथे खाडीलगत सपाट, झाडांच्या सावलीतला, वाहनमुक्त रस्ता आहे, लहान मुलीला पोहायला उथळ पाणी आहे आणि सहा क्रमांकाची बस थेट पिले दरवाजाशी सोडते. तटाच्या पूर्वेकडील प्लोचे भागातून दिसणारे दृश्य अप्रतिम आहे, पण तेथे घरे डोंगराच्या उतारावर एकावर एक बसलेली आहेत. घराच्या जाहिरातीत "जुन्या शहरापासून पाच मिनिटे" असे लिहिलेले असेल, तर मालकाला मिनिटे विचारू नयेत, पायऱ्या विचाराव्यात.

आता तटबंदी. ती १,९४० मीटर लांब आहे, काही ठिकाणी २५ मीटर उंच आहे, आणि जमिनीच्या बाजूला चार ते सहा मीटर जाड असलेली ही भिंत समुद्राच्या बाजूला दीड ते तीन मीटरच जाड आहे, कारण भीती तोफा ओढत येणाऱ्या जमिनीवरच्या शत्रूची अधिक होती. पूर्ण फेरीला दीड ते दोन तास लागतात आणि वाटेत हजारच्या आसपास पायऱ्या येतात. वर जाण्याच्या जागा तीन आहेत, पिले दरवाजाजवळ, जुन्या बंदरावरील सेंट जॉनच्या किल्ल्याशी आणि प्लोचेच्या बाजूला, आणि चालण्याची दिशा एकच, घड्याळाच्या उलट. बहुतेक लोक पिलेहून चढतात, त्यामुळे समुद्राकडची सोपी बाजू आधी होते आणि मिन्चेता या सर्वांत उंच बुरुजाची चढण शेवटी, दमल्यावर आणि ऊन चढल्यावर येते. धडधाकट माणसाने म्हणून सकाळी भिंत उघडताच, उन्हाळ्यात आठ वाजता, प्लोचेकडून चढावे. मिन्चेता ताज्या पायांनी आणि गार हवेत पार पडतो आणि नंतर समुद्राच्या बाजूने उतरत यायचे असते. मिन्चेताचे काम १४६४ मध्ये युराय दाल्मातिनात्स या शिल्पकार-स्थपतीने पूर्ण केले. त्याच्या माथ्यावरून सारे शहर एका नजरेत मावते.

आईंसाठी सुरुवातीची जागा वेगळी. त्यांनी पिलेहून चढावे. सुरुवातीचा एकच जिना खडा आहे, तो थांबत थांबत चढावा, त्यानंतर समुद्राकडच्या भिंतीवरून बऱ्याच सौम्य चढउताराने चालत सेंट जॉनच्या किल्ल्याशी खाली उतरावे. मिन्चेता त्यांनी सोडून द्यावा. अर्धी भिंत पाहून त्यांचे काही बिघडत नाही. माझ्या मते उत्तम अर्धा भाग तोच आहे, कारण एका हाताला उघडा एड्रियाटिक समुद्र आणि दुसऱ्या हाताला लोकांच्या परसातली लिंबाची झाडे, वाळत घातलेले कपडे आणि पडक्या घरांची जोती दिसतात. भिंतीवर सावली जवळजवळ नाही, म्हणून टोपी आणि पाणी हवेच. तिकीट महाग आहे. अलीकडच्या उन्हाळ्यांत ते माणशी ३५ ते ४० युरोंच्या घरात गेले आहे. शहराचा एका दिवसाचा पास जवळजवळ त्याच किमतीला मिळतो आणि त्यात भिंतीबरोबर संग्रहालये व बसप्रवासही येतो, तेव्हा सुटे तिकीट घेण्यात अर्थ नाही. भिंतीच्या तिकिटावर बाहेरचा लोव्रियेनात्स किल्लाही पाहता येतो. सदतीस मीटर उंच कड्यावरच्या या किल्ल्याच्या दारावर लॅटिनमध्ये कोरले आहे की, जगातल्या सगळ्या सोन्याच्या मोबदल्यातही स्वातंत्र्य विकणे बरे नव्हे.

हे वाक्य ज्यांनी कोरले ते लोक व्यापारी होते आणि सोन्याची किंमत त्यांना नीट ठाऊक होती. येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण हा धागा हाती असला की शहर फार वेगळे दिसते, आणि नसला की ते एका गाजलेल्या इंग्रजी मालिकेचा देखावा होऊन बसते. १३५८ ते १८०८ अशी साडेचारशे वर्षे रागुझा या नावाने हे शहर एक स्वतंत्र प्रजासत्ताक म्हणून जगले. व्हेनिससारखा बलाढ्य प्रतिस्पर्धी समुद्रात आणि ऑटोमन साम्राज्य डोंगरापलीकडे, अशा कैचीत ते तगले ते मुख्यतः हिशेबीपणावर. सुलतानाला ते वर्षाला १२,५०० सोन्याचे दुकात खंडणी म्हणून देत आणि त्या बदल्यात त्याच्या मुलखात व्यापाराची मोकळीक मिळवत. भिंत ही त्यांच्या संरक्षणाची केवळ एक बाजू होती, बाकीच्या बाजू शहराच्या आत पाहायला मिळतात.

पिले दरवाजातून आत येताच उजवीकडे ओनोफ्रियोचे मोठे कारंजे आहे. दक्षिण इटलीहून आलेल्या ओनोफ्रियो देल्ला कावा याने सुमारे बारा किलोमीटरवरून पाट काढून १४३८ मध्ये शहरात वाहते पाणी आणले. सोळा दगडी मुखवट्यांतून पडणारे ते पाणी आजही पिण्याजोगे आहे, तेव्हा बाटल्या तेथेच भराव्यात. डावीकडे फ्रान्सिस्कन मठ आहे आणि त्यात १३१७ साली सुरू झालेले औषधालय. मुलीला तेथील जुन्या चिनी मातीच्या बरण्या आवडतील. स्ट्रादुनच्या दुसऱ्या टोकाला स्पोन्झा राजवाडा लागतो. राजवाडा हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण ते जकातघर आणि टांकसाळ होती. आतल्या चौकातल्या कमानीवर, जेथे माल तोलला जाई, तेथे लिहिलेले आहे की, आमची वजने कुणाला फसवू देत नाहीत आणि फसूही देत नाहीत, मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलत असतो. समोर ओर्लांदोचा स्तंभ. त्यावरील शिल्पातल्या शूराचा कोपरापासूनचा हात, सुमारे ५१ सेंटिमीटर, हे कापड मोजण्याचे सरकारी माप होते. वाणी खोटे मापत असेल, तर गिऱ्हाइकाने चौकात जाऊन दगडाच्या हाताशी कापड ताडून पाहावे, इतकी ती साधी सोय.

पुढे रेक्टरचा वाडा आहे. रेक्टर म्हणजे राज्याचा प्रमुख, आणि त्याची मुदत फक्त एक महिना. त्या महिन्यात त्याने कामाशिवाय वाड्याबाहेर पडायचे नाही, कुटुंबही जवळ ठेवायचे नाही. सभागृहाच्या दारावर कोरलेले आहे की, खासगी विसरा, सार्वजनिक सांभाळा. गटातल्या निवृत्त सरकारी अधिकाऱ्यांना हे वाक्य वाचून दाखवले की प्रत्येक वेळी एक अर्थपूर्ण हशा पिकतो. शहराच्या दक्षिण भागात रूपे नावाचे धान्यकोठार आहे, खडकात खोदलेल्या पंधरा खोल पेवांचे. आपल्याकडच्या पेवांची आठवण असलेल्या वडिलांना ते नक्की दाखवावे. डोंगराळ, नापीक भूमीवरच्या शहराला वेढ्यात अन्न पुरावे, म्हणून ही तरतूद होती.

मात्र मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी इमारत शहराबाहेर, प्लोचे दरवाजाच्या पलीकडे समुद्रालगत आहे आणि तिच्यासमोरून बहुतेक पर्यटक छायाचित्रासाठी पाठ करून निघून जातात. प्लेगच्या साथीनंतर १३७७ मध्ये रागुझाच्या मोठ्या सभेने असा कायदा केला की, साथीच्या प्रदेशातून येणाऱ्याने शहरात शिरण्याआधी मर्कान बेटावर किंवा त्सावतात येथे तीस दिवस वेगळे राहावे. व्यापार बंद करायचा नाही, पण माणसे आणि माल काही काळ बाजूला थांबवायचा, हा त्यातला विचार होता. पुढे इतरत्र तिसाचे चाळीस दिवस झाले आणि चाळीस या इटालियन शब्दावरून क्वारंटाइन हा शब्द जगभर गेला, जो २०२० मध्ये आपल्या गल्लीगल्लीत पोहोचला. प्लोचेबाहेरच्या त्या ओळीने बांधलेल्या दगडी चाळीसारख्या इमारती म्हणजे लाझारेती, १७ व्या शतकात तयार झालेले विलगीकरण केंद्र. ऑटोमन मुलखातून येणारे तांडे येथेच थांबत. याच प्रजासत्ताकाने १४१६ मध्ये आपल्या नागरिकांना गुलामांच्या व्यापाराची बंदी केली.

आज स्ट्रादुनवर दिसणारी एकसारख्या उंचीची, एकसारख्या दारांची घरे मात्र त्या काळातील नाहीत. ६ एप्रिल १६६७ रोजी सकाळी झालेल्या भूकंपात हजारो माणसे मेली आणि शहर जवळजवळ कोसळले, त्यानंतर ती एका आराखड्यानुसार उभी राहिली. भूकंपापूर्वीचे शहर पाहायचे असेल, तर सेंट ब्लेझच्या चर्चमधील संताच्या चांदीच्या मूर्तीकडे पाहावे. मूर्तीच्या हातात शहराची छोटी प्रतिकृती आहे. स्वेती व्लाहो या नावाने ओळखला जाणारा हा संत शहराचा रक्षणकर्ता आहे, तटाच्या दरवाजांवर, बुरुजांवर सर्वत्र तोच उभा दिसतो, आणि ३ फेब्रुवारीला त्याचा उत्सव असतो. गोमंतकीय वाचकांना हे नाव अपरिचित नसावे. जुन्या गोव्याजवळच्या गवंडाळी गावात साव ब्राझ या नावाने त्याच संताचे चर्च आहे आणि पोर्तुगीज काळात तेथे आलेल्या रागुझाच्या व्यापाऱ्यांशी त्याचा संबंध जोडला जातो. क्रोएशियाहून येणारे अनेक पाहुणे ते मुद्दाम पाहायला जातात.

दुसरा घाव अलीकडचा आहे. १९९१ च्या ऑक्टोबरात युगोस्लाव सैन्याने शहराला वेढा घातला, पाणी आणि वीज तोडली, आणि ६ डिसेंबर १९९१ रोजी सर्वांत भीषण तोफमारा झाला. जुन्या शहरातील ८२४ इमारतींपैकी सुमारे दोन तृतीयांश इमारतींना गोळे लागले. भिंतीवरून पाहताना छपरांचे दोन रंग दिसतात, उन्हाने फिकट पडलेली जुनी कौले आणि भडक नारिंगी नवी कौले. प्रवासी त्या भडक रंगाचे कौतुक करत छायाचित्रे घेतात. तो रंग कशामुळे आला हे मी भिंतीवर चढण्याआधी सांगतो, वर गेल्यावर नाही, म्हणजे प्रत्येकाला ते आपापले पाहता येते. या विषयावर दुकानदाराशी किंवा टॅक्सीचालकाशी आपण होऊन बोलणे काढू नये. पन्नाशीच्या पुढचा प्रत्येक माणूस तेव्हा येथे होता. ज्याला अधिक जाणून घ्यायचे असेल त्याने केबल कारने सर्ज डोंगरावर जावे, तेथील इम्पीरियल किल्ल्यात त्या युद्धाचे संग्रहालय आहे. केबल कारही युद्धात नष्ट झाली होती आणि २०१० मध्ये पुन्हा सुरू झाली. चार मिनिटांचा हा प्रवास जोराच्या वाऱ्यात बंद असतो. सूर्यास्ताला वर गेलात, तर खाली उतरण्याच्या रांगेसाठी तासभर हाताशी ठेवावा.

दुपारी काय करावे, याचे पहिले उत्तर लोक्रुम बेट. जुन्या बंदरातून बोट दहा-पंधरा मिनिटांत पोहोचते. बेटावर मोर हिंडतात, बेनेडिक्टाइन मठाचे अवशेष आणि बाग आहे, आणि आतल्या बाजूला मृत समुद्र नावाचे खाऱ्या पाण्याचे लहानसे तळे आहे, ज्यात लाटा नसल्यामुळे मुलीला निर्धास्तपणे पोहता येईल. बेटावर मुक्कामाला परवानगी नाही, म्हणून शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच पाहून घ्यावी. दुसऱ्या दुपारी त्सावतात. दहा क्रमांकाच्या बसने किंवा बोटीने जाता येणारे हे शांत गाव म्हणजे प्राचीन एपिडॉरम. ७ व्या शतकात ते उद्ध्वस्त झाल्यावर तेथून पळालेल्या लोकांनी रागुझा वसवले, अशी परंपरा आहे. धक्क्यालगतचा रस्ता सपाट आहे, आईंना तो मनापासून आवडेल. किनारे वाळूचे नसून गोट्यांचे आणि खडकांचे आहेत, पाण्यात काटेरी समुद्री साळू असतात, म्हणून पाण्यात घालायचे रबरी बूट सर्वांनी घ्यावेत. पोहण्याच्या कपड्यांत किंवा उघड्या अंगाने जुन्या शहरात फिरल्यास दंड होतो.

मोस्तार आणि कोतोरविषयी मी स्पष्ट सांगतो. वेळ चार रात्रींपेक्षा कमी असेल, तर दोन्ही सोडून द्यावीत, आणि वेळ असला तरी आधी पासपोर्टवरचा व्हिसा उघडून पाहावा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि त्याच दिवसापासून तेथे युरो चालतो. मोस्तार बोस्नियात आणि कोतोर मॉन्टेनेग्रोत आहे, आणि हे दोन्ही देश शेंगेनच्या बाहेर आहेत. आपला व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर सीमा ओलांडताच तो संपतो आणि संध्याकाळी परत येता येत नाही. माझ्याच गटातल्या एका दांपत्याचे व्हिसा एका एजंटाने एका प्रवेशाचे काढून दिले होते, आणि सहलीचे पैसे मात्र मोस्तारसह घेतले होते. सुदैवाने आदल्या रात्री पासपोर्ट तपासताना ते माझ्या लक्षात आले आणि ती दोघे दिवसभर दुब्रोव्हनिकमध्येच राहिली. व्हिसाचा अर्ज भरतानाच एकाहून अधिक प्रवेश मागावेत आणि त्या दोन देशांचे त्या वेळचे नियम त्यांच्या अधिकृत स्थळांवर वाचून घ्यावेत. क्रोएशियातल्याच स्प्लिट शहराहून रस्त्याने येत असाल, तर पूर्वी बोस्नियाचा नेउम हा छोटा किनारपट्टा ओलांडावा लागे आणि दोनदा पासपोर्ट दाखवावे लागत. २०२२ च्या जुलैत पेल्येशात्स पूल झाल्यापासून ती कटकट टळली आहे, परंतु आपली बस पुलावरूनच जाणार आहे ना, हे तिकीट काढताना विचारावे.

परदेशाची सीमा न ओलांडताही दिवस छान घालवता येतो. पेल्येशात्स द्वीपकल्पाच्या तोंडाशी असलेल्या स्तोन गावात मिठागरे आहेत आणि ती राखण्यासाठी रागुझाने बांधलेली भिंत साडेपाच किलोमीटर अजून उभी आहे. मिठासाठी एवढी भिंत का, हे आपल्या किनाऱ्यावरच्या मिठागरांची माहिती असलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. शेजारच्या माली स्तोनच्या खाडीतली कालवे प्रसिद्ध आहेत. मासे खाणाऱ्यांनी ती तेथेच खावीत, आणि माकुलाच्या शाईत शिजवलेला काळा भातही. कोकणी जिभेला तो परका वाटत नाही, फक्त दात काळे होतात.

शाकाहाराचे मात्र जपून. ब्लित्वा ही पालकासारख्या पालेभाजीची, बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेल घातलेली साधी भाजी जवळजवळ सर्वत्र मिळते आणि ती आपल्याला रुचते. हिरवी मेनेस्त्रा या नावाला फसू नये. त्यात कोबी-बटाटा दिसतो, परंतु खारवून धुरी दिलेले मांस त्याचा प्राण असते. भाताचे प्रकार बहुधा माशाच्या किंवा मांसाच्या पाण्यात शिजवतात, म्हणून "मांस नको" एवढे न सांगता "मांस नको, मासा नको, त्यांचे पाणीही नको" असे तिन्ही सांगावे. रोझाता हे साखरेच्या पाकातले गोड अंड्याचे असते. अंडे न खाणाऱ्यांसाठी पाकवलेल्या संत्र्याच्या साली, ज्यांना तेथे अरान्चिनी म्हणतात, हा खाऊ उत्तम. पाच जणांच्या कुटुंबाने स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे, हा माझा आग्रह आहे. गुंदुलिच चौकात सकाळी भाजीबाजार भरतो, तेथे टोमॅटो, अंजिरे, वांगी मिळतात. कुकर न्यायची गरज नाही, मसाल्याचा डबा मात्र न्यावा. तटाच्या आतल्या खाणावळींत एका जेवणाला जो खर्च येतो, त्यात लापादच्या घरी दोन दिवस स्वयंपाक होतो.

पैसे काढताना बँकेच्या भिंतीतले यंत्र वापरावे, चौकाचौकांत उभी असलेली सुटी यंत्रे टाळावीत, आणि "रुपयांत आकारणी करू का" असे यंत्राने विचारल्यास नाही म्हणावे. दुब्रोव्हनिकला रेल्वे नाही, आणि भारतातून थेट विमानही नाही. विमानतळ चिलिपी येथे, शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. तेथून निघणारी बस पिले दरवाजाशी थांबते आणि पुढे ग्रुझ बंदरापाशी जाते, तेव्हा लापादला उतरणाऱ्यांनी सामान पाहून टॅक्सी करावी की बस बदलावी ते ठरवावे. शहराकडे येताना समुद्र डाव्या हाताला असतो आणि एका वळणानंतर तटबंदी, बंदर आणि लोक्रुम एकदम खाली दिसतात. आईवडिलांना डावीकडच्या खिडकीशी बसवावे, आणि परतीच्या वेळी उजवीकडच्या.